टिकल्यांचा तक्ता

मी मुलांना मारणारी बाई नव्हते. ओरडायचे मात्र भरपूर. माझा आवाज ऐकून शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसतात असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पण पट्टी कधी उचलली नव्हती. त्या वर्षी उचलली. तिसरीतली एक मुलगी फळ्यापाशी उभी राहून नवाचा पाढा म्हणत होती. 'नऊ सक' म्हणून अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकली. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा माझ्या हातातली लाकडी पट्टी तिच्या तळहातावर बसली. चांगली जोरात. ती रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या, कान तापले होते, आणि मला कळत होतं की हिचं काही चुकलेलं नाही, मी सलग चार रात्री झोपलेली नाही.

हे विरारचं सांगतेय, नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. आमची शाळा लहानशी, खाजगी पण अनुदानित, मराठी माध्यमाची. सात वर्ग, वर पत्रे, मागे सिमेंटची पाण्याची टाकी. आम्ही दादरची भाड्याची खोली सोडून विरारला स्वतःचा फ्लॅट घेतला त्याला सहा-सात वर्षं झाली होती. मी अठ्ठेचाळीसची. पाळी चार-चार महिने गायब व्हायची, मग एकदम यायची आणि आठवडाभर ठाण मांडून बसायची. दिवसभर अंगात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. रात्री तर विचारूच नका.

त्या दिवशी वर्गाच्या दारात आमच्या शाळेच्या मावशी उभ्या होत्या. घंटा देणं, झाडलोट, पाणी भरणं, लहान पोरांना लघवीला नेणं, सगळं त्यांच्याकडे. अर्नाळ्याच्या, कोळी घरातल्या, माझ्याच वयाच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज अर्नाळ्याहून एस.टी.नं यायच्या. त्यांनी पट्टीचा आवाज ऐकला होता. त्या मुलीला जागेवर बसवलं, मला दंडाला धरून साहित्याच्या खोलीत नेलं आणि तांब्याभर पाणी हातात दिलं.

"राती डोळा लागत नाय ना, बाई?" त्या म्हणाल्या. "मना ठावं हाय. माजंबी दोन वर्सं तसंच चाललंय. मधीच अंग पेटते, मधीच गार."

माझा स्वभाव असा की कुणी आपलं दुखणं ओळखलं की आधी रागच येतो. "माझं काय ते मी बघून घेईन," असं मी फटकन म्हटलं. आणि मग भडाभडा रडले. एवढी थोराड बाई, गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये एका मोडक्या बाकावर बसून पदराला नाक पुसत होते. मावशी शेजारी उभ्या होत्या. तोवर मी ह्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गोळी घे आणि पड." आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जातं ते आपोआप, त्यात काय दवंडी पिटायचीय. मैत्रिणींत आम्ही लोणच्यापासून कर्जापर्यंत सगळं बोलायचो, हे नाही. बोलणारी पहिली बाई निघाली ती शाळेची मावशी.

पण माझ्यापेक्षा मावशींची पंचाईत मोठी होती, आणि ती सगळ्या शाळेला माहीत होती. त्यांना कामावर झोप यायची. दाराजवळच्या स्टुलावर बसल्या की मान कलायची. एकदा मधल्या सुट्टीची घंटा वीस मिनिटं उशिरा झाली आणि पोरांनी एकच गलका केला. एकदा तर संस्थेची मंडळी शाळा बघायला आली तेव्हा ह्या फाटकापाशी तोंड उघडं टाकून घोरत होत्या. मुख्याध्यापिका बाईंना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, ते फार लागलं. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांचा भरवसा माणसापेक्षा कागदावर जास्त. त्यांनी मावशींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघते. पुन्हा असं झालं तर तुमचं नाव मी संस्थेला कळवणार नाही."

हे नाव कळवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मावशी अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. त्या वर्षी संस्था एका शिपायाला कायम करणार होती. कायम म्हणजे महिन्याचा पगार, सुट्ट्या आणि पुढे मरेपर्यंत पेन्शन. मावशींचा मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर जायचा, त्याची मिळकत आज आहे तर उद्या नाही. मावशी मला म्हणाल्या होत्या, "एकदा कायम झाली का मी कोनाच्या तोंडाकडं बघनार नाय, बाई. सुनेच्याबी नाय." त्यासाठी त्यांना फक्त दिवाळीपर्यंत जागं राहायचं होतं. आणि दिवसा जागं राहायचं तर रात्री झोपायला हवं होतं.

मी विरारमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाल्या आणि कागदावर सवयींची यादी लिहून दिली. रोज एकाच वेळी अंथरुणावर पडा. दुपारी झोपू नका. संध्याकाळनंतर चहा नको. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. सुती कपडे. खोलीत अंधार, वारा, शांतता. झोप आली नाही तर तळमळत पडू नका, उठून बसा, डोळे जडावले की मग पडा. मी ती यादी कपाटाला चिकटवली आणि संध्याकाळी सातला नेहमीसारखा आल्याचा चहा करून घेतला. यादी वाचून माणसं सुधारत असती तर शाळा कशाला काढल्या असत्या?

नेमक्या त्याच सुमाराला आम्हा शिक्षकांना आनंददायी शिक्षणाचं प्रशिक्षण झालं होतं. खेळातून शिकवा, गाण्यातून शिकवा, मूल हसलं की शिकलं. बाटल्यांची बुचं, चिंचोके, जुन्या पत्रिकांचे पुठ्ठे घेऊन आम्ही पन्नाशीला आलेल्या बायका जमिनीवर मांडी घालून खेळत होतो. मी आधी नाकं मुरडली. पण त्यातली एक सापशिडी मी वर्गात करून पाहिली आणि सहा महिने न आलेला पाढा पोरांना पंधरा दिवसांत आला. मग डोक्यात आलं, पोरांना खेळानं पाढे येतात, तर मला झोप का येऊ नये?

झालं, मी कामाला लागले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शंभर घरं आखली. डॉक्टरीणबाईंच्या यादीतल्या चांगल्या सवयींच्या शिड्या केल्या आणि वाईट सवयींचे साप. 'दुपारी झोपलात' हा साप चांगला लांबलचक काढला, शहात्तरवरून थेट नऊवर. शिवाय कार्डं केली, जोड्या लावायची. एका कार्डावर 'रात्री घाम', दुसऱ्यावर 'सुती गाऊन, उशाशी तांब्या'. मावशींना वाचता यायचं नाही, म्हणून सगळ्यावर चित्रं काढली. मुलांसाठी आयुष्यात काढली नसतील इतकी मन लावून काढली. आणि एक तक्ता. त्यात दोघींना रोजचं एकेक घर. रात्र बरी गेली असेल तर त्या घरात कपाळाला लावायची टिकली चिकटवायची. टिकल्यांचं पाकीट माझंच.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी साहित्याच्या खोलीत बसायला लागलो. नियम असा की फासा टाकायच्या आधी कालच्या रात्रीचं खरं सांगायचं. चहा घेतला का, किती वाजता पडलात, डोळा लागला का. नियम पाळला असेल तर फासा टाकायचा, नाहीतर डाव गेला. पहिल्या दिवशी मावशींनी फासा हातात घेतला आणि कितीतरी वेळ टाकलाच नाही, नुसता तळहातावर घोळवत बसल्या. मग म्हणाल्या, "साळंत मी अकरा वर्सं हाय, पन साळंत बसली आज पयल्यांदा." आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो, दार लोटून घेऊन.

मला फरक पडायला लागला. एकदम नाही. पहिला आठवडा तसाच गेला, दुसऱ्यात चहा सुटला. खेळात हरायला मला लहानपणापासून आवडत नाही, त्यामुळे रविवारी दुपारी डोळे मिटायला लागले की मी उठून गॅलरीत झाडांना पाणी घालायचे. टिकली मिळवायचीच अशा इरेला पेटून दहाला अंथरुणावर पडायचे. नवरा म्हणायचा, "अगं, कुणाशी शर्यत लावलीस?" तिसऱ्या आठवड्यात एक रात्र अशी आली की मी पडले आणि थेट सकाळी दूधवाल्याच्या हाकेनं उठले. माझ्या घरात मी मोठ्या दिमाखात लाल टिकली चिकटवली.

तक्त्यात मावशींची घरं मात्र कोरी. रोज विचारलं की रोज तेच, "नाय लागला डोळा." रोज डाव गेला. तीन आठवडे झाले, त्यांची सोंगटी पहिल्या ओळीत. आणि माझं काय झालं, तर मला बाईपणा चढला. माझ्या वर्गात एखादं पोर मागे राहिलं की माझा जो सूर लागायचा, तोच लागला.

"मावशी, तुम्ही मनावरच घेत नाही!"

"घेते ना, बाई."

"काय घेता? काल परत साडेअकराला पडलात. मी एवढी चित्रं काढून देतेय, समजावून सांगतेय, आणि तुमचं आपलं पालथ्या घड्यावर पाणी. नोकरी जायची वेळ आलीय तुमची, कळतंय का? उद्यापासून असंच असेल तर मी नाही खेळणार. कुठल्या तोंडानं सांगू मोठ्या बाईंना?"

त्या फासा बोटांत फिरवत बसल्या. मला वाटलं, लागलं बोलणं, बरं झालं, शहाण्याला शब्दाचा मार.

दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "लागला डोळा. दहाला पडली ती पाचाला उठली." मी टाळीच वाजवली. "शाब्बास, मावशी!" त्यांनी पाकिटातनं हिरवी टिकली निवडली, नखानं मागचा कागद सोडवला आणि घराच्या अगदी मधोमध, मोजूनमापून चिकटवली. मग चिकटवून झाल्यावर अंगठ्यानं दाबून धरली. पुढच्या दिवशी पुन्हा हिरवी. त्याच्या पुढच्या दिवशी पिवळी. महिनाभरात तक्ता असा भरला की माझ्या घरांपेक्षा त्यांची घरं जास्त रंगीत दिसायला लागली. मी वर्गात असताना मधेच मनाशी हसायचे. वाटायचं, बघा, अडाणी बाईला नुसत्या खेळानं सुधरवलं मी.

डोळे लाल होते त्यांचे. ते मी बघत होते. रोज समोर बसायच्या ना त्या, हातभर अंतरावर. डोळ्यांखाली काळं, फासा टाकला की कितीदा नेम चुकून कपाटाखाली जायचा. पण तक्ता भरला की आम्हा मास्तर लोकांना पुढचं काही दिसत नाही. शिवाय एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मावशी आता स्टुलावर बसतच नव्हत्या. स्टूल त्यांनी उचलून पाण्याच्या टाकीमागे ठेवलं होतं आणि दिवसभर उभ्या असायच्या, भिंतीला टेकायच्यासुद्धा नाहीत. मी मोठ्या बाईंना म्हटलं, "बघा, अंगात कशी तरतरी आलीय." बसलं की झोप येईल ह्या धाकानं ती बाई सहा-सहा तास उभी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

ऑक्टोबरची उन्हं. सहामाही परीक्षा चाललेली. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला पाणी नावालाच असायचं, शाळा टँकरवर चालायची, आणि टँकर सांगितल्या दिवशी आला तर नवस फेडावा अशी गत. त्या दिवशी आला, तीन दिवसांनी. टाकी भरली. मावशी मागे पिंपं भरायला गेल्या. खालचा मोठा नळ सोडला आणि पिंपाच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. उभ्या उभ्याच डोळा लागला. पिंप भरलं, वाहिलं, पाणी त्यांच्या पायांवरून गेलं, अंगणात गेलं, फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं. परीक्षेचा पेपर असल्यानं कुणी वर्गाबाहेर नव्हतं. रस्त्यावरच्या भाजीवाल्यानं ओरडून सांगितलं तेव्हा टाकीत खडखडाट होता. मावशी पाण्यात उभ्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि सगळ्यांकडे अशा बघत होत्या की आपण कुठं आहोत हेच त्यांना कळत नव्हतं.

मोठ्या बाईंनी बोलावलं. मी न बोलावताच आत गेले. जाताना साहित्याच्या खोलीतून तक्ता काढून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच. पण तेव्हा माझ्या मनात एवढंच की माझ्याकडे पुरावा आहे, आणि मोठ्या बाई कागद मानतात.

"एकदा चूक झाली, बाई," मी म्हटलं. "पण ह्यांचं जुनं राहिलेलं नाही आता. हे बघा. महिन्याच्या वर झालं, रोज रात्री सहा-सात तास झोप. रोजची नोंद आहे. मी स्वतः ठेवलीय."

त्यांनी चष्मा लावला. तक्ता टेबलावर पसरला आणि बोटानं एकेक टिकली बघत गेल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मावशी दाराशी, ओल्या लुगड्यानं, त्यांच्या पायाशी थारोळं साचलेलं.

"म्हणजे घरी झोप व्यवस्थित होते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो, व्यवस्थित. अगदी."

"आजारपण नाही, जाग्रण नाही."

"नाही ना! तेच तर सांगतेय मी."

"मग इथे डोळा कसा लागतो?" त्यांनी चष्मा काढला. "रात्री झोप होत नाही, वय झालंय, बायकांचं काहीतरी असतं, म्हणून मी इतके दिवस सांभाळून घेत होते. मी पण बाई आहे. पण तुम्हीच लिहून आणलंत की तसलं काही नाही. मग हा आजार नाही, बाई. कामचुकारपणा आहे."

मी मावशींकडे वळले. "मावशी, अहो सांगा ना. सांगा ना काहीतरी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "बाई सांगतात तसंच हाय."

तक्ता मोठ्या बाईंनी परत दिला नाही. त्याची घडी घातली आणि संस्थेला पाठवायच्या पत्राला टाचणीनं जोडला. माझ्या हातच्या तारखा, माझ्या हातच्या रेघा, माझ्या पाकिटातल्या टिकल्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मावशींना सांगण्यात आलं की सुट्टीनंतर यायची गरज नाही. त्यांच्या जागी संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीची एक तरुण मुलगी आली. कायमही तीच झाली.

सुट्टीत मी अर्नाळ्याला गेले. जायचं धाडस व्हायला आठ दिवस लागले. घर विचारत विचारत गेले तर मावशी घरासमोर बांबूच्या मांडवावर बोंबील टाकत होत्या, तोंडात तोंड अडकवून एकेक जोडी. मला बघून हात लुगड्याला पुसले आणि आत नेलं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. खोलीत मुलगा, सून, दोन नातवंडं. पंखा एकच, तो खोलीत. पडवीत जाळी रचलेली, बर्फाचा खोका, नि त्यांच्या मधोमध जेमतेम एका माणसाचं अंग मावेल एवढी जागा. तिथं गुंडाळलेली गोधडी होती. वर पत्रा इतका खाली की मला वाकावं लागलं. माझ्या कार्डावरची खोली आठवली. खिडकी काढली होती मी त्यात, पडद्याची. उशाशी तांब्या.

"झोपता कुठं तुम्ही?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"झोपायचं हितंच. पन वर पत्रा तापते, खाली अंग तापते. मग मी भायेर ओट्यावर बसते. तीन-साडेतीनला पोरगा बोटीवर जाते, त्याला चा-भाकरी द्यायाची. मग झालीच सकाळ."

"रोज?"

"रोज."

"मग त्या टिकल्या? महिनाभर?"

त्या खाली बघत हसल्या. पोरं चोरी पकडली की हसतात तसं. "एकबी खरी नाय, बाई."

मला इतका राग आला. त्यांच्या अंगावरच ओरडले मी, त्यांच्या घरात उभी राहून. "पण का? खोटं कशाला सांगितलंत? मला सांगितलं असतंत की घरात जागा नाही, पंखा नाही, तर मी..." तर मी काय केलं असतं?

"तुमी रागावायच्या," मावशी म्हणाल्या. "ते नाय वाईट वाटलं. तुमी पोरांवर बी रागावता. पन तुमी म्हनाल्या, उद्यापास्नं खेळनार नाय. अकरा वर्सांत मना कोनी जेवनाच्या सुट्टीत जवळ बसवली नव्हती. मी दाराशी बसून डबा खायाची. मना वाटलं, रोज नापास झाली तर तुमी उठवाल."

बाहेर सून पोराला हाका मारत होती. मी म्हटलं, "निदान त्या दिवशी केबिनमध्ये तरी खरं सांगायचंत. मी विचारलं होतं तुम्हाला."

"कसं सांगू? तुमी कागद घेऊन उभ्या. मी म्हनली असती हे खोटं हाय, तर मोठ्या बाईंसमोर तुमी खोट्या पडल्या असत्या."

मी म्हटलं मी संस्थेत जाते, सगळं सांगते, तक्ता खोटा होता म्हणून लिहून देते. त्यांनी मान हलवली. "नको, बाई. आता निस्ती आळशी म्हनतात. मग खोटारडी बी म्हनतील. हितं गावात कळेल." मी पुन्हा आग्रह केला नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण संस्थेत जाऊन माझीच शोभा झाली असती.

निघताना त्यांनी सुक्या बोंबलांची जुडी कागदात बांधून दिली. नको म्हटलं तरी पिशवीत घातली. रस्त्यापर्यंत आल्या माझ्याबरोबर. एस.टी. दिसली तेव्हा माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "एक विचारू, बाई? तुमच्या टिकल्या तरी खऱ्या होत्या ना? तुमाला झोप लागते ना आता?"

खोटं बोलायला हवं होतं मी, नाही लागत म्हणून. निदान तेवढं तरी.

"हो," मी म्हटलं. "लागते."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, मी त्यांचा चेहरा बघत होते.

मी विरारला परत आले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. आठला जेवले, चहा घेतला नाही, दहाला दिवा घालवून पंख्याखाली पडले. वाटलं होतं, आज काही डोळा लागायचा नाही, लागूच नये. लाज वाटते सांगायला, पण लागला.